विहिरीचं रिंगण आणि 'डिस्क्राइब'

उन्हाळ्यात शेजारच्या वावरात विहीर आखायचं काम चाललं होतं. मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला सब्बल धरून गडी फिरत गेला. काळ्या मातीत गोल ओरखडा उमटला. सेमी इंग्रजीची सातवीतली पोर धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. जुन्या भूमितीच्या पुस्तकात 'डिस्क्राइब अ सर्कल' वाचून तिनं वहीत वर्तुळाची पानभर माहिती लिहिली होती. मी म्हटलं, "अवं पोरी, हा गडी करून राह्यला ना, तेच करायले सांगतलं पुस्तकानं!"

'डिस्क्राइब' मूळ लॅटिन. 'डे' म्हणजे खाली, 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणं. त्याही आधी ओरखडणं, कोरणं. म्हणून इंग्रजीत हे क्रियापद वर्णनही करतं आणि वर्तुळही काढतं. आपल्या 'लिहिणे'च्या मुळाशी असलेल्या संस्कृत 'लिख्'चाही अर्थ ओरखडणं. 'वर्णन' मात्र 'वर्ण'मधून, म्हणजे रंगातून आलं.

मला खरी गोडी वाटते ती एका अक्षराची. 'डिस्क्राइब'मधला ब 'डिस्क्रिप्शन'मध्ये प कसा होतो? गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि स्वर न लावता नुसता 'ब्' म्हणा, मग 'प्'. ओठ तसेच मिटतात. 'ब्'ला गळा थरथरतो, 'प्'ला नाही. लॅटिनमध्ये 'स्क्रीब'पुढे 'त' आला. 'त'ला थरथर नसते, त्याच्या तयारीत गळा आधीच थांबतो आणि 'ब्'चा 'प्' होतो. विपद् अधिक काल, विपत्काल: शाळेतली प्रथम व्यंजन संधी ती हीच. अप् अधिक ज, अब्ज. इथं उलट, पुढच्या 'ज'ची थरथर 'प्'ला लागते. रोमच्या तोंडाला आणि आपल्या तोंडाला नियम एकच, कारण गळा माणसाचाच.

याचा अर्थ 'स्क्रीबेरे' 'लिख्'पासून निघालं असा नाही. अर्थ जुळला, पण मुळं वेगळी. प्रत्येक इंग्रजी शब्दाला संस्कृत आजोबा चिकटवणारे मेसेज गावागावांत फिरतात, आणि शिकलेली माणसं ते पुढं ढकलतात, याचं वाईट वाटतं. नातं खरं असेल तर ध्वनी नियमानं जुळतात: पाद-फूट, पितृ-फादर, पंच-फाइव्ह, तिन्हीकडे प-ला फ. हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडला.

वापराचं एकच. आपली पोरं 'विहिरीबद्दल सांगा' मनात धरून 'डिस्क्राइब अबाउट द वेल' लिहितात. तिथं 'अबाउट' नको. गड्यानं रिंगण काढलं, रिंगणाबद्दल काढलं नाही.