विसरणं म्हणजे मेंदू कमजोर नव्हे

दहावीची परीक्षा जवळ आली की सोलापुरात घरोघरी ऐकू येतं, ‘पाठ केलेलं विसरतो, मेंदूच कमजोर!’ पोरांना हे ऐकवू नका, ते खरं नाही. विसरणं हे मेंदूचं रोजचं काम आहे. गेल्या गड्ड्याच्या यात्रेत गाडी कुठे लावली होती, हे पुसट झालं तरच यंदाची जागा गल्लत न होता आठवते.

2012 मध्ये फळमाश्यांत दिसलं, की आठवण घडवणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायनच पुढे ती पुसायलाही लागतं. 2015 मध्ये औषधाने स्मृती घालवलेल्या उंदरांच्या ठरावीक चेतापेशी प्रकाशाने जागवल्या, तर ‘गेलेली’ आठवण परतली!

मात्र आजोबा ओळखीचा रस्ता विसरू लागले, तर ‘वय झालं’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.