पीक-आनुवंशिकी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

पिकांच्या आनुवंशिकीवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांतील तंत्रज्ञाचे पद बहुधा एखाद्या प्रकल्पाशी जोडलेले असते. म्हणून जाहिरात वाचताना पदाची मुदत, मुदतवाढीची अट आणि नेमणूक संस्थेत आहे की केवळ प्रकल्पापुरती, हे आधी पाहून घ्यावे.

शैक्षणिक पात्रता म्हणून जैवतंत्रज्ञान, कृषी, वनस्पतिशास्त्र किंवा आनुवंशिकी यांतील पदवी वा पदविका सामान्यतः मागितली जाते. अर्हता ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ अशा दोन गटांत दिलेल्या असतील, तर आवश्यक गटातील एकही कमी असल्यास अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. इष्ट गटातील उणिवेमुळे मात्र अर्ज टाळू नये. चांगले उमेदवार नेमके इथेच उगाच माघार घेतात.

अर्जातील सर्वांत दुर्लक्षित रकाना अनुभवाचा. ‘पीसीआर येते’ (पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवण्याची पद्धत) एवढ्याने निवड समितीला काहीच कळत नाही. पीक कोणते, नमुने साधारण किती, पाने द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटून सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए स्वतः काढला की तयार किट वापरले, २६० आणि २८० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणाचे गुणोत्तर (डीएनएच्या शुद्धतेची खूण) १.८ च्या आसपास येत होते का, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. शेतातील कामही गाळू नये. गव्हाचा संकर करताना ओंबीतील प्रत्येक फुलाचे तीनही परागकोश फुटण्याआधी चिमट्याने काढणे, ओंबीवर कागदी पिशवी चढवणे आणि दोन-तीन दिवसांनी परागसिंचन करणे, हे ज्याने केले आहे त्याला किरकोळ वाटते. समितीला तसे वाटत नाही.

कागदपत्रांत गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, अनुभव प्रमाणपत्र आणि कामाची माहिती देऊ शकतील अशा दोन व्यक्तींचे तपशील लागतात. अनुभव प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख आणि कामाचे स्वरूप असावे; ‘काम समाधानकारक’ एवढेच लिहिलेला कागद छाननीत फारसा उपयोगी पडत नाही. संदर्भासाठी ज्यांची नावे द्यायची, त्यांना आधी विचारून घ्यावे.

मुलाखतीबरोबर प्रात्यक्षिक चाचणी असेल, तर मायक्रोपिपेटने (अगदी थोडा द्रव मोजून घेण्याच्या उपकरणाने) अचूक आकारमान घेणे, डीएनएचे तुकडे वेगळे करून पाहण्यासाठीचे जेल ओतणे किंवा नमुन्यांसाठीची ९६ खान्यांची पट्टिका भरणे यांपैकी काहीतरी करायला सांगितले जाऊ शकते. नळ्यांवर क्रमांक घालताना साधा मार्कर वापरू नये, कारण इथेनॉलचा थेंब लागला की शाई पुसली जाते आणि मग कोणता नमुना कोणत्या वाणाचा हे सांगता येत नाही. क्रमांक झाकणावर आणि नळीच्या अंगावर, दोन्हीकडे घालावा. तुलनेसाठी डीएनए न घातलेला नियंत्रण खाना राखून ठेवावा, आणि पट्टिका भरताना चूक झालीच तर खान्याचा क्रमांक लिहून तिची नोंद तिथल्या तिथे वहीत करावी.