बर्फासाठी तारीख बदलते, मेळघाटासाठी का नाही?

वऱ्हाडाची शिरगणती १८६७ साली झाली, तेव्हा साऱ्या प्रांतात २२ लाखांच्या आसपास माणसं भरली. १८८१ पासून देशभर दर दहा वर्षांनी मोजणी होऊ लागली. १९३१ पर्यंत ती एका रात्रीत उरकत. जो जिथे सापडेल तो तिथला. रात्री फिरता येणार नाही अशा जंगलपट्ट्यांना तेव्हाही सवलत होती.

आता प्रगणक काही आठवडे फिरतो. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी ही मुदत होती. एवढे सगळे दिवस बाहेर असलेला माणूस गावच्या आकड्यात धरला जात नाही, तो असेल तिथे मोजायचा. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात कोरकू आदिवासींच्या गावांचं दुखणं नेमकं इथेच आहे. खरिपाचं काम सरलं की घरंच्या घरं मजुरीला बाहेर पडतात आणि होळीला परततात. वीटभट्टीवरच्या किंवा शेतातल्या पालापर्यंत प्रगणक पोचला नाही, तर ती माणसं कुठल्याच गावात मोजली जात नाहीत.

उत्तरेकडे अशी अडचण ओळखून सोय केलेली आहे. हिमाचलातल्या लाहौल-स्पीतीत २०११ च्या जनगणनेत जेमतेम ३१,५६४ माणसं होती, पण बर्फाने वाटा बंद होण्याआधी त्यांची मोजणी ऑक्टोबर २०१० च्या हिशेबाने झाली. मोजणी हुकली तर आकडा नंतर अंदाजाने भरता येतो, असंही कुणी म्हणेल. जम्मू-काश्मीरमध्ये १९९१ साली जनगणनाच झाली नाही. तिथला आकडा अंदाजाने काढला, आणि २००१ ची मोजणी आल्यावर १९८१ व २००१ यांच्या मधला आकडा बसवून तो दुरुस्त केला. राज्यापुरतं हे गणित चालतं. तालुक्याला ते लावलं की फसतं, कारण कोणत्या गावातून किती घरं उठून गेली हे सरासरीत दिसत नाही. आणि मुळातला आकडाच कमी असेल तर पुढचा अंदाजही तेवढाच तोकडा.

त्या आकड्यावर काय काय अवलंबून आहे! आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे उपकेंद्र, २० हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, पण रेशनचा इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, अजून २०११ च्या लोकसंख्येवरच बेतलेला. कुपोषणासाठी ज्या मेळघाटाचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं, तिथे एक घर सुटणंही परवडणारं नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, १ मार्च २०२७ आहे, बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत निदान एक पडताळणी फेरी होळीच्या दिवसांत ठेवावी, ही मागणी ग्रामसभांनी आत्ताच ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायला हवी.