कालाहारीत मित्रांसोबत सेल्फ ड्राइव्ह कॅम्पिंग: परमिट, व्हिसा, लायसन्स कुठल्या क्रमाने काढायचं

आम्ही सहाजण दोन हायलक्स (टोयोटाच्या पिकअप गाड्या) घेऊन, टपावर तंबू टाकून दक्षिण आफ्रिकेकडच्या कालाहारी वाळवंटात जाऊन आलो तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलंय की कागदपत्रं काय लागतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आमचा रूट असा होता, जोहान्सबर्गला उतरायचं, तिथून गाडी, अपिंग्टनवरून क्गालागाडी ट्रान्सफ्रंटिअर पार्क, पार्कमधूनच माता-माता गेटने नामिबियात, मग तिथल्या वाळूच्या टेकड्यांचं सेसरीम-सोसुसफ्ले, आणि परत साउथ आफ्रिकेत येऊन फ्लाइट. कागदं सगळी नेहमीचीच आहेत पण क्रम चुकला की सगळं अडतं, आणि बहुतेक लोक तिकिटापासून सुरुवात करतात तिथेच चुकतं.

सुरुवात पार्कच्या बुकिंगपासून करा. क्गालागाडी हा साउथ आफ्रिका आणि बोत्सवाना यांचा मिळून एक पार्क, २००० साली सुरू झाला, साधारण ३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिम कॉर्बेटसारखे कितीतरी मावतील एवढा. साउथ आफ्रिकेच्या बाजूचं बुकिंग सॅनपार्क्सकडे (तिथल्या राष्ट्रीय उद्यानांची संस्था) असतं आणि ते ११ महिने आधी उघडतं. ट्वी रिव्हिएरन, नोसोब, माता-माता हे तीन मोठे कॅम्प, तिथे तंबूच्या जागा मिळतात, पण जून-जुलैला तिथल्या शाळांना सुट्ट्या असतात तेव्हा पटापट भरतात. कॅम्पसाइटचे पैसे वेगळे आणि रोजची कॉन्झर्व्हेशन फी वेगळी, परदेशी माणसाला ती जास्त लागते, त्यामुळे पार्कमध्ये बरेच दिवस राहणार असाल तर वाइल्ड कार्डचा (रोजच्या फीऐवजी चालणारा सॅनपार्क्सचा वार्षिक पास) हिशोब करून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. तुम्ही एका देशाच्या गेटने आत शिरून दुसऱ्या देशाच्या गेटने बाहेर पडणार असाल तर पार्कमध्ये कमीत कमी दोन रात्री राहायलाच लागतं, नुसता शॉर्टकट म्हणून पार्क वापरता येत नाही. आणि साउथ आफ्रिकेतून निघाल्याचा शिक्का साउथ आफ्रिकेकडच्या गेटवर, म्हणजे ट्वी रिव्हिएरनलाच मारून घ्यायचा, माता-माताला फक्त नामिबियाची चौकी आहे. हा शिक्का विसरलात तर सव्वाशेच्या आसपास किलोमीटर कच्च्या रस्त्याने परत. उलट ज्या गेटने आत गेलात त्याच गेटने बाहेर येणार असाल तर इमिग्रेशनची भानगडच नाही, मग बोत्सवानाच्या बाजूला रूइपुट्ससारख्या कुंपण नसलेल्या कॅम्पवर राहिलात तरी चालतं. तिथलं बुकिंग मात्र बोत्सवानाकडून वेगळं करायचं, आणि तिथे रात्री सिंह तंबूखालून जातात हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

बुकिंगची कन्फर्मेशन हातात आली की व्हिसा. साउथ आफ्रिकेचा अर्ज मुंबईत व्हीएफएसमध्ये (व्हिसाचे अर्ज घेणारं केंद्र) द्यायचा, डीएचए-८४ हा फॉर्म, सोबत पासपोर्ट, फोटो, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तिकिटं, राहायचं बुकिंग आणि दिवसवार प्लॅन. कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिहा की मध्ये नामिबियात जाऊन परत साउथ आफ्रिकेत यायचंय म्हणून मल्टिपल एंट्री हवी. आमच्यातल्या एकाने हे वाक्य लिहिलं नाही आणि त्याला सिंगल एंट्री आली, तो परत अर्ज करत बसला आणि आम्ही सगळे तीन आठवडे टेन्शनमध्ये. पासपोर्टला दोन तरी कोरी पानं ठेवा आणि नामिबियासाठी सहा महिन्यांची व्हॅलिडिटी. नामिबियाचा व्हिसा भारतीय पासपोर्टवाल्याला वेगळा लागतोच, तो निघायच्या आधी काढून घ्या, माता-मातासारख्या वाळवंटातल्या छोट्या चौकीवर मिळेल या भरवशावर जाऊ नका. लहान मुलं सोबत असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला, आणि एकच पालक येत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

फ्लाइट नैरोबी किंवा अदिस अबाबावरून घेताय तर यलो फीव्हरचं सर्टिफिकेट काढून ठेवा. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, त्याच्याआधी सर्टिफिकेट लागू होत नाही. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते.

मग आरटीओ. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओकडून निघतं, सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. तिथे पासपोर्टची कॉपी मागतात, व्हिसाची अट मात्र २०२२ च्या नियमबदलात काढून टाकली. परमिट एकट्याने चालत नाही, मूळ लायसन्स सोबत पाहिजेच. गाडी जे जे चालवणार त्या प्रत्येकाचं काढा आणि प्रत्येकाचं नाव गाडीच्या करारात घाला, नाव नसलेला माणूस चालवताना काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून, त्यामुळे त्याची काळजी नको.

गाडीवाल्याकडून बॉर्डर ओलांडायचं पत्र आधीच सांगून घ्या, आयत्या वेळी मिळत नाही. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, ड्रायव्हरची नावं आणि कुठल्या देशात जायची परवानगी हे सगळं असतं, सोबत रजिस्ट्रेशनची प्रमाणित कॉपी. आमच्या दुसऱ्या गाडीच्या पत्रात इंजिन नंबरचा एक आकडा चुकलेला होता, डेपोतच टॉर्च लावून आम्ही ताडून बघितलं म्हणून कळलं, नाहीतर चौकीवर गाडी उभी राहिली असती. साउथ आफ्रिकेच्या नंबरप्लेटला मागे झेडए (साउथ आफ्रिकेची देशखूण) स्टिकर लागतो. नामिबियात शिरताना बाहेरच्या गाडीला क्रॉस बॉर्डर चार्ज भरावा लागतो, पावती ट्रिप संपेपर्यंत जपून ठेवा, पुढे पोलीस विचारू शकतात. पैसे रँडमध्ये चालतात, नामिबियन डॉलर आणि रँड एकास एक आहेत, पण रोख जवळ ठेवा.

बॉर्डरवर मटण, चिकन, लाकूडफाटा यांचे नियम जनावरांच्या रोगाप्रमाणे बदलत असतात, म्हणून कच्चं मांस ओलांडायच्या आधीच संपवा. आम्ही शेवटच्या रात्री सगळं शेकोटीवर भाजून खाल्लं आणि पुढे दोन दिवस पोहे आणि मॅगीवर काढले.