व्हॉट्सॲपचे गोपनीयता धोरण : २०१६ च्या सूचनेपासून २०२३ च्या कायद्यापर्यंत

जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲप उघडताच लोकांसमोर एक सूचना येऊ लागली. गोपनीयता धोरण बदलते आहे, ८ फेब्रुवारीच्या आत ते मान्य करा, नाहीतर ॲप वापरता येणार नाही, असा तिचा मतलब. खाली ‘सहमत’ आणि ‘आता नाही’. ग्रुपवर घबराट पसरली, लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे वळले. कंपनीला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला. खासगी मेसेज वाचले जाणार, ही भीती खरी नव्हती. ते २०१६ पासून एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. पण नीट न विचारता आपली माहिती फेसबुककडे जाते, ही मूळ तक्रार रास्त होती, आणि ती जुनी होती.

फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले, तेव्हा वापरकर्त्यांसाठी काहीही बदलणार नाही, असा शब्द संस्थापकांनी दिला होता. तो दोन-अडीच वर्षेच टिकला. २५ ऑगस्ट २०१६ च्या नव्या धोरणानुसार फोन नंबरसारखी खात्याची माहिती फेसबुककडे जाऊ लागली. तेव्हाची सूचना नीट पाहण्यासारखी होती. समोर मोठे ‘सहमत’ बटण. ‘अधिक वाचा’वर गेले तरच खाली एक चौकट दिसे: फेसबुकवरच्या जाहिरातींसाठी माझी माहिती वापरू द्या. तिच्यात आधीच टिक केलेली असे. नको असेल तर आपण काढायची. सहमती दिल्यानंतरही सेटिंगमध्ये जाऊन नकार देता येत होता, पण ३० दिवसांतच. किती जणांनी तिथवर स्क्रोल केले असेल? कळवले असे म्हणता येईल, विचारले असे मात्र मला म्हणवत नाही.

दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१६ ला निकाल लागला: २५ सप्टेंबरपूर्वी खाते बंद करणाऱ्यांची माहिती पुसून टाका आणि जे राहतील त्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नका. धोरण कायम राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरची खाती आपोआप जुळवता येत नाहीत, असे कंपनीने खरेदीच्या वेळी सांगितले होते, आणि ते दिशाभूल करणारे निघाले.

२०२१ च्या धोरणात नकाराची ती छोटी फटही राहिली नाही. ओरड झाल्यावर मुदत १५ मेपर्यंत वाढली. धोरण मान्य न करणाऱ्यांच्या सुविधा कमी करणार नाही, असे मे महिन्यात कंपनीने केंद्र सरकारला पत्राने कळवले. पण हे सामान्य माणसाला कसे कळणार? सूचना त्याच्या मोबाइलवर आली होती, सवलत मात्र मंत्रालयाच्या फाइलमध्ये. १ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती हमी पाच राष्ट्रीय वर्तमानपत्रांत दोनदा छापायला लावली. या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आदेश हाच. पण तोवर पावणेदोन वर्षे उलटली होती आणि बहुतेकांनी ‘सहमत’ दाबून टाकले होते.

भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मान्य करा नाहीतर सोडा’ हीच पद्धत अन्याय्य ठरवून मेटाला (फेसबुक कंपनीचे नवे नाव) २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदीही घातली. वर्षभराने अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी उठवली.

कायदा आला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना कोणती माहिती कशासाठी हवी, दिलेली संमती कशी मागे घ्यायची आणि तक्रार कुठे करायची, हे सांगावे लागेल. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणतीही निवडता आली पाहिजे, म्हणजे मराठी आणि कोकणीही. ज्यांनी पूर्वीच संमती दिली आहे त्यांनाही अशी सूचना द्यायची आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सूचनेची ही कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.