गर्भहानीनंतरचे स्त्रीचे मानसिक आरोग्य

गर्भपात झाल्यावर किंवा बाळ पोटातच दगावल्यावर स्त्रीच्या मनावर होणारा परिणाम. बोलण्यात ‘पोट पडलं’, ‘मिसकॅरेज झालं’ एवढ्यावर विषय मिटतो. जगात कळून आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के गर्भपाताने संपतात, त्याही बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत.

मराठी घरांत तीन महिने होईपर्यंत गोड बातमी बाहेर सांगत नाहीत. त्याआधीच गर्भ गेला, तर दुःखही सांगायचे राहून जाते. ओटीभरण झालेले नसते, बारसे नसते, तेरावे नसते. मनुस्मृतीने गर्भस्रावाला जितके महिने तितक्या रात्री नेमून दिल्या, पण तो हिशेब विटाळाचा. शरीर इतक्यात विसरत नाही. घरगुती चाचणीत पुढचे काही आठवडे दोन रेषा उमटू शकतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ गेला तर दोन-तीन दिवसांनी दूध उतरते. मोबाइलमधले ॲप ‘या आठवड्यात बाळ लिंबाएवढे’ असे कळवतच राहते, आणि ठाणे-वाशी लोकलच्या बायकांच्या डब्यात उभ्याने ते वाचावे लागते.

सगळ्यांत चिवट भावना अपराधीपणाची. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने गेले म्हणून, भरलेली बादली उचलली म्हणून, पपई खाल्ली म्हणून? सासूबाईंनी विचारायच्या आधी तिने स्वतःलाच विचारलेले असते. वास्तविक सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत दोष गर्भाच्या गुणसूत्रांत असतो. ‘होईल पुन्हा, वय आहे अजून’ हे धीराचे म्हणून बोलले जाते आणि नेमके तेच मनाला लागते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या २०२० मधील अभ्यासात, सुरुवातीच्या काळातल्या गर्भहानीनंतर महिन्याभराने २९ टक्के स्त्रियांत आघातोत्तर ताणाची लक्षणे आढळली; नऊ महिन्यांनीही १८ टक्के. झोपेतून दचकून उठणे, सोनोग्राफीची खोली डोळ्यांपुढून न हलणे, कुणाचे डोहाळजेवण टाळणे, हे सारे त्यात मोडू शकते. झोप-भूक उडणे, कशातच मन न लागणे दोन आठवड्यांपलीकडे गेले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तज्ज्ञ गाठावा.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण ती मागायची म्हणजे ऑफिसात सांगणे आले. म्हणून तापाचे निमित्त करून तीन दिवसांत कामावर येणाऱ्याही असतात. मदत घेण्यातही ठाणेकरणीची वेगळीच अडचण. इथल्या १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयामुळे ‘ठाण्याला पाठवा’ हा मराठीत टोमणाच होऊन बसला. त्याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे समुपदेशनाला जाणे पुष्कळच साधे झाले. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास असते, मराठीतूनही.

पुढचे दिवस गेले की आनंदाआधी भीती येते. बाथरूमला गेले की डाग तर नाही ना, हे पाहायचे. मागच्या वेळी ठोके थांबले तो आठवडा उलटेपर्यंत आईलासुद्धा फोनवर काही बोलायचे नाही.