उंदीर जास्त धावला म्हणजे त्याने जास्त धुंडाळलं असं नाही

'औषधानंतर उंदरांची शोधक वृत्ती वाढली' हे वाक्य वाचलं की मी आधी आकडे बघते. बहुतेक वेळा तिथे एकच गोष्ट मोजलेली असते: उंदीर किती मीटर चालला. त्यावरून वृत्तीचा निष्कर्ष काढणं मला मुळीच मान्य नाही.

चालण्याबद्दल फार सांगायला नको. उघडं खोकं, वर कॅमेरा, अंतराचा हिशेब संगणकाकडे. या चाचणीचा उगम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९३४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी मोकळ्या रिंगणात सोडलेल्या रॅटच्या (म्हणजे छोट्या उंदराहून वेगळ्या, मोठ्या जातीच्या उंदराच्या) लेंड्या मोजल्या. त्यांना भित्रेपणा मोजायचा होता.

धुंडाळणं म्हणजे नवी जागा ओळखीची करून घेणं. उंदीर आधी भिंतीला धरून फिरतो, हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहतो, मध्यभागी जाऊन परत कडेला येतो. जागा कळली की हे सगळं ओसरतं, आणि हे ओसरणंच धुंडाळण्याची खरी खूण आहे. ॲम्फेटामिन हे उत्तेजक औषध दिलेल्या उंदरात ते सहसा दिसत नाही. मेंदूतलं डोपामिन हे हालचालीला चालना देणारं रसायन वाढलेलं असतं, पाय चालत राहतात; जागा नवी आहे की जुनी याने फारसा फरक पडत नाही. मात्रा आणखी वाढवली तर तो एकाच कोपऱ्यात तेच ते हुंगत, चाटत, कुरतडत बसतो आणि अंतर घटतं. मग काय म्हणायचं, कमी मात्रेत कुतूहल वाढलं आणि जास्त मात्रेत संपलं? दोन्ही चूक.

म्हणून माझा आग्रह साधा आहे: त्याच खोक्याला पूर्ण सरावलेल्या उंदरांनाही औषध देऊन बघा. तिथे शोधण्यासारखं काही उरलेलं नसतं. तरीही धावपळ वाढली, तर ती औषधाने पायांना दिलेली चालना आहे. एवढा एक गट जोडला की अर्धे वाद मिटतात, आणि तोच गट सर्रास गाळला जातो.

डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. नव्या जागेत उंदराला कुतूहल असतं आणि भीतीही; हे औषध भीतीचा लगाम सैल करतं. प्लस मेझमध्ये, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या मार्गिकेत, हे नीट दिसतं: जमिनीपासून उंचावर चार बाहू, दोन भिंतींचे, दोन उघडे. रॅटसाठी ही चाचणी १९८५ साली पडताळली गेली, छोट्या उंदरांसाठी १९८७ साली. योग्य मात्रेत डायझेपाम दिलं की एकूण फेऱ्यांमधला उघड्या बाहूंचा वाटा वाढतो. बंद बाहूंतल्या फेऱ्यांवरून निव्वळ हालचालीचा अंदाज येतो, म्हणून त्या वेगळ्या छापल्याच पाहिजेत. मात्रा जास्त झाली तर गुंगी येते आणि उंदीर उघड्या बाहूवर नुसता बसून राहू शकतो. घालवलेला वेळ तेवढा बघणारा फसतो.

ज्यांना अजूनही अंतर पुरेसं वाटतं त्यांनी कॅफीन बघावं. मध्यम मात्रेत ते उंदराची धावपळ वाढवतं, मोठ्या मात्रेत भीतीही वाढवतं आणि उघड्या बाहूंकडे जाणं कमी करतं. मोकळ्या खोक्यातलं अंतर आणि उघड्या बाहूवरचं धाडस अशी उलट दिशांनी जाऊ शकतात.

तळाला भोकं असलेली फळी मला या कामासाठी सर्वांत आवडते. उंदीर भोकात किती वेळा डोकं घालतो आणि किती चालतो हे तिथे स्वतंत्रपणे मोजता येतं. फक्त एकूण बेरीज छापू नका. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा, दोन्ही आकडे प्रत्येक तुकड्यासाठी द्या, आणि ते एका निर्देशांकात मिसळू नका.